मोठ्या आतड्यावाचूनची वर्षं

२००६ साली परळला माझं मोठं आतडं काढलं. त्यात शेकडो पॉलिप, म्हणजे छोट्या गाठी, होत्या. कॅन्सर अजून झाला नव्हता. माझा हा आजार, एफएपी (फॅमिलिअल अ‍ॅडिनोमॅटस पॉलिपोसिस), घराण्यातून येतो. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, आणि आतडं तसंच ठेवलं तर चाळिशीच्या सुमारास कॅन्सर जवळजवळ ठरलेला. आमचे वडील ऐन चाळिशीत 'मूळव्याधीनं' गेले, असं आमच्या उरणात सगळे सांगत.

डॉक्टरांनी लहान आतड्याच्या टोकाची 'जे' अक्षरासारखी पिशवी शिवून खाली जोडली. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलात पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये ही रीत मांडली, 'जे' आकार १९८० मध्ये जपानच्या उत्सुनोमियांनी दिला. त्याआधी अनेकांना पोटावरची पिशवी जन्मभर बाळगावी लागे. मला ती पोटावरची पिशवी, आतली जोड भरून येईपर्यंत, काही महिनेच होती.

ते महिने मिठाचे. मोठं आतडं रोज साधारण लिटरभर पाणी आणि त्यातलं मीठ परत शोषून घेतं. ते नसलं की नुसतं पाणी ढोसून भागत नाही. उलट जास्तच वाहून जातं आणि पायात गोळे येतात. उरणसारख्या मिठागरांच्या तालुक्यात जन्मून मला मीठ कमी पडत होतं! १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजून जगवलं, ते याच तत्त्वावर: साखर मिठाला आतड्यातून आत नेते, मागोमाग पाणी जातं. तांदळाची पेजही तेच काम करते. आई ओआरएसच्या पुड्या आणायची, पण तिचा भरवसा मीठ घातलेल्या पेजेवर होता आणि तो चुकीचा नव्हता.

हाती आलेल्या पथ्याच्या कागदावर दलिया होता, टोस्ट होता. उरणच्या घरात त्यांचं काय करायचं? मऊ भात, दही, केळं, उकडलेला बटाटा यांनी शौच घट्ट होतं, आणि यातलं सगळं घरात होतंच. मासे तर वरदान. ओल्या बोंबलाचं कालवण, मिरची हात राखून घातलेलं, पहिल्या महिन्यापासून पचलं. जवळा मात्र बराच काळ दूर ठेवला, कारण त्याची टरफलं पचत नाहीत. ओलं खोबरं, मका, कच्ची काकडी हेही नीट चावलं नाही तर अडकतं, आणि अडकलं की पोट फुगून हॉस्पिटल गाठावं लागतं. हिवाळ्यात वालाच्या शेंगांची पोपटी लागली की मी त्यातला बटाटा आणि अंडं खातो. वालाचे दाणे एकदोनच. गॅसनं रात्र जाते. लोक विचारतात, इसबगोल घेऊन पोट साफ होत नाही का? मी तो उलट कामासाठी घेतो, अगदी थोड्या पाण्यात, शौच घट्ट व्हावं म्हणून.

पहिल्या वर्षी शौचाच्या फेऱ्या मोजायचं सोडून दिलं होतं. पुढे आतली पिशवी मोठी होते, शरीर शिकतं; आता दिवसात पाचसहा वेळा, रात्री एखादी. रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच उरकलं की झोप मिळते, हे मला कुठल्याही गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

खरा छळ तपासणीसाठी परळला जायच्या प्रवासाचा होता. ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्यावर गाळामुळे लाँच थांबायची, आणि एस.टी.नं पनवेलमार्गे जायचं तर वाटेत संडास कुठे मिळेल याचाच हिशोब. उपाशी निघायचो, पण मीठपाण्याची बाटली सोडली नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला, उरणला लोकल आली, आणि तपासणीचा धसका निम्म्यानं कमी झाला. तपासणी मात्र जन्मभराची: पिशवीची दुर्बिणीतून, आणि जठरापुढच्या आतड्याचीही, कारण तिथेही पॉलिप होतात.

ज्यांच्या घरात कुणी तरुणपणी 'मूळव्याधीनं' किंवा आतड्याच्या कॅन्सरनं गेलंय, त्यांनी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. एफएपी निघाला, तर मुलांची तपासणी दहाबाराव्या वर्षापासून सुरू करायची असते. जनुकीय सल्ल्यासाठी टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक खारघरला आहे.