वाढत्या उपनगरातील वास्तव्य : एक गुणदोष-विचार

रुग्णाची परीक्षा करताना देशाचा विचार अवश्य करावा, अशी आपल्या शास्त्राची आज्ञा आहे. देश दोन प्रकारचा : भूमिदेश आणि देहदेश. देहदेशाचा विचार आपण सर्वच जण नित्य करतो. भूमिदेशाचे मात्र जांगल, आनूप व साधारण असे तीन भेद परीक्षेपुरते पाठ करून आपण पुढे जातो. ज्या भूमीत आपला रुग्ण राहतो, ती भूमीच वीस वर्षांत ओळखू येईनाशी झाली, तर चिकित्सकाने काय करावे? हा प्रश्न आम्हांस गेली अनेक वर्षे सतावीत आहे. त्याचे जे थोडेबहुत उत्तर अनुभवातून हाती आले, ते वैद्यबंधू-भगिनी व औषधी-विक्रेते यांच्यापुढे ठेवण्याचा हा प्रयत्न.

आम्ही २००३ सालापासून कुळगाव-बदलापूर येथे चिकित्सा-व्यवसाय करीत आहोत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर अंतरावर, उल्हास नदीच्या काठी हे गाव वसले आहे. येथे घोडे बदलले जात म्हणून बदलापूर, अशी नावाची उपपत्ती सांगितली जाते. १८५६ साली कल्याणच्या पुढे बोरघाटाच्या पायथ्याकडे लोहमार्ग गेला, तेव्हापासून गाव रेल्वेशी जोडले गेले. १९९२ पासून येथे स्वतंत्र नगरपरिषद आहे. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १ लाख ७४ हजार झाली. त्यानंतरची वाढ मोजण्यास जनगणनेची गरज नाही, संध्याकाळी फलाटावर उभे राहिले तरी पुरे.

गुणपक्ष

प्रथम गुण सांगणे न्यायाचे होईल. परळ-लालबागच्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत दोन पिढ्या काढलेल्या कुटुंबास येथे स्वतःचे दोन खोल्यांचे घर मिळाले. खिडकी उघडली की वारा येतो, पावसाळ्यात समोर हिरवे डोंगर दिसतात, मुलांना वेगळी झोपण्याची जागा मिळते. निद्रा हा शरीराच्या तीन उपस्तंभांपैकी एक आहे हे स्मरले, म्हणजे स्वतंत्र झोपण्याच्या जागेचे मोल ध्यानी येते. क्षयाच्या रुग्णास उजेडाची, हवेशीर खोली मिळणे ही गोष्टही लहान नव्हे.

दुसरा गुण आपल्या व्यवसायाचा. नव्याने आलेल्या कुटुंबास ठरलेला कुटुंब-वैद्य नसतो. कोकणातून, खानदेशातून, घाटावरून आणि परप्रांतांतूनही माणसे येतात. त्यांना वैद्य नव्याने शोधावा लागतो, आणि जो नीट ऐकून घेतो त्याच्याकडे ती टिकतात. मुंबईत पंचकर्मासाठी स्वतंत्र खोली घेणे तरुण वैद्यास दुरापास्त आहे. येथे स्नेहन-स्वेदनाची वेगळी खोली आम्हांस तिसऱ्याच वर्षी करता आली.

तिसरा गुण औषधी वनस्पतींचा. परिसरातील ठाकूर व कातकरी स्त्रिया आजही गुळवेल, हिरडा, बेहडा, करवंदे घेऊन बाजारात बसतात. बदलापूरचे जांभूळ तर प्रसिद्धच असून त्यास भौगोलिक मानांकनही लाभले आहे. चरकाचार्यांनी मूत्रसंग्रहणीय गणात जांभळाची गणना केली आहे आणि प्रमेहात त्याच्या बीजाचा उपयोग आपण सर्वच करतो. ज्या गावी हे झाड अंगणात उभे आहे, त्या गावी वैद्याने राहणे भाग्याचेच.

दोषपक्ष

आता दुसरी बाजू. ज्या जांभळाचे आम्ही कौतुक केले, त्याचीच झाडे इमारतींच्या पायाखाली जात आहेत. आमच्या दवाखान्यामागील वाडीत मोठी सात झाडे होती. आज तेथे वाहनतळ आहे. आणि त्याच वाहनतळावरून चालत येणाऱ्या रुग्णांत प्रमेहाचे रुग्ण वर्षागणिक वाढत आहेत. औषध उणे होत जावे आणि व्याधी वाढत जावी, हा वाढत्या उपनगराचा आम्हांस दिसलेला पहिला विरोधाभास.

दुसरा दोष धुळीचा. श्वासाच्या निदानात रज, धूम व वायू यांचा स्पष्ट उल्लेख आहे. बांधकामाची धूळ, सिमेंट कालवणाऱ्या यंत्रांची ये-जा आणि अर्धवट खणलेले रस्ते यांमुळे तमकश्वासाचे बालरुग्ण आता हेमंताची वाट पाहत नाहीत, वर्षभर येतात. अशा बालकास केवळ औषध देऊन भागत नाही. खिडकी कोणत्या बाजूस उघडते, खाली काम कोठपर्यंत आले आहे, हेही विचारावे लागते.

तिसरा दोष पाण्याचा, आणि तो दोन्ही टोकांचा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी वसाहत पावसाळ्यात त्याच नदीला भिते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीचे पाणी गावात शिरले. आमचा दवाखाना तेव्हा तळमजल्यावर होता. चूर्णांच्या बरण्या, वटींची पाकिटे, दोन वर्षांच्या रुग्णनोंदी असे सर्व काही चिखलात गेले. त्यानंतर २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. नदीच्या पूररेषेजवळ वस्ती वाढते तेव्हा पूर पूर्वीइतकाच आला, तरी हानी अधिक होते.

प्रवास : उपनगराचे मुख्य निदान

परंतु या सर्वांहून मोठा दोष आम्हांस प्रवासात दिसतो. घर येथे आणि पोट मुंबईत, अशी येथील बहुसंख्य कुटुंबांची स्थिती आहे. लोकलने एका दिशेस सुमारे दीड तास, त्यापुढे कचेरीपर्यंतचा प्रवास वेगळा. कल्याण-बदलापूर तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेस २०१९ साली मंजुरी मिळाली. परंतु मार्गिका होईपर्यंत वाढणारी गर्दी थांबत नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. मूत्र, पुरीष, अपानवायू, क्षुधा, तृष्णा, निद्रा, श्रमश्वास यांपैकी किती वेग लोकलच्या प्रवाशाला रोज धरावे लागतात, ते मोजून पाहावे. उपनगरीय गाडीत स्वच्छतागृह नसते. विशेषतः नोकरदार स्त्रिया प्रवासात अडचण नको म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मूत्रकृच्छ्र, अश्मरी, मलावष्टंभ व अर्श यांचे रुग्ण आमच्याकडे एवढे का, या कोड्याचे उत्तर आम्हांस ग्रंथात सापडण्याआधी फलाटावर सापडले. एका भगिनीस आम्ही तीन महिने मूत्रल औषधे दिली. गुण येई आणि जाई. शेवटी एकदा सहज विचारले, "ताई, सकाळी निघाल्यापासून पहिल्यांदा पाणी किती वाजता पिता?" त्या म्हणाल्या, "ऑफिसात पोचल्यावर, साडेनऊला." घरातून त्या पावणेसहाला निघत असत.

आमची चूक

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगणे आवश्यक आहे. २००९ साली एक चव्वेचाळीस वर्षांचे गृहस्थ आमच्याकडे प्रमेहासाठी आले. फोर्ट भागात हिशेबनीस, नुकतेच परळची खोली सोडून येथे घर घेतलेले. आम्ही शास्त्रोक्त चिकित्सा-पत्र लिहून दिले : दोन वेळा भोजनापूर्वी ताजा काढा, पहाटे अर्धा तास चालणे, रात्री आठपूर्वी जेवण, दहापूर्वी निद्रा, दिवास्वाप वर्ज्य. पत्रात दोष काढण्यास जागा नव्हती. ते गृहस्थ दोनदा आले आणि मग आले नाहीत. रुग्णांस पथ्य नको असते, असे म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला.

तीन वर्षांनी त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन आल्या. पायाच्या बोटाला जखम झाली होती, कडा काळ्या पडल्या होत्या. आम्ही त्याच दिवशी त्यांना शल्यचिकित्सकाकडे पाठविले. एक बोट काढावे लागले, पाय वाचला. पुढे भेटीस आले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, तुमचा काढा चांगलाच होता हो. पण तो घ्यायला माझ्या दिवसात जागाच नव्हती."

ते वाक्य आम्ही विसरलो नाही. पहाटे पावणेसहाला घर सोडून रात्री साडेनऊला परतणाऱ्या माणसास आठपूर्वी जेवावयास सांगणे ही चिकित्सा नव्हे. त्यांचा प्रज्ञापराध आम्ही शोधीत होतो. प्रत्यक्षात देश-परीक्षा न करण्याचा अपराध आमचा होता.

चिकित्सकाने काय करावे?

त्यानंतर आम्ही आमच्या रुग्णपत्रात तीन प्रश्न घातले : घरातून किती वाजता निघता? परत किती वाजता येता? प्रवासात बसावयास मिळते काय? या तीन उत्तरांवर औषधकाल व कल्पना ठरते. काढा शक्य नसेल तेथे वटी किंवा चूर्ण योजावे. भोजनाची मुख्य वेळ कचेरीतील मध्यान्हीची करावी, कारण तेव्हा अग्नीही बलवान असतो. रात्रीचे जेवण घरी पोहोचल्यावर जड न घेता मुगाचे कढण, भाकरी, शिजवलेली भाजी असे लघु असावे. संध्याकाळी गाडीत बसण्यापूर्वी फुटाणे किंवा लाह्या खाव्यात, म्हणजे रात्री अतिभोजन होत नाही. प्रमेहाच्या रुग्णाने चालण्यासाठी पहाट धरून बसू नये. घरापासून स्थानकापर्यंत रिक्षा सोडली तरी बराच हेतू साधतो. आधुनिक औषधे चालू असलेल्या रुग्णाने ती मनाने बंद करू नयेत आणि रोज रात्री पाय तपासावेत, हे तर प्रत्येक भेटीत सांगावे.

स्त्रियांस आम्ही निघण्यापूर्वी अर्धा तास पाणी पिऊन वेगविसर्जन करून निघावयास सांगतो. तसेच मधल्या कोणत्या स्थानकावर उतरून सोय होऊ शकते, हेही विचारून ठेवतो. हा सल्ला कोणत्याही ग्रंथात नाही. परंतु वेगधारण टाळावे हे सूत्र आहे, आणि ते कोठे व कसे टाळावे हे सांगणे वैद्याचे काम आहे.

पुरानंतरच्या दिवसांत विशेष सावध राहावे. पुराच्या पाण्यातून चाललेला रुग्ण ताप, अंगदुखी व लाल डोळे घेऊन आला, तर केवळ ज्वरघ्न योजना करून वाट पाहू नये. लेप्टोस्पायरोसिसची शक्यता ध्यानी घेऊन त्याच दिवशी रक्ततपासणीस व रुग्णालयात पाठवावे. यात आपल्या शास्त्रास कमीपणा नाही.

औषधी-विक्रेत्यांसाठी

उपनगरातील औषधी-दुकान सकाळी अकराला उघडून रात्री साडेआठला बंद होत असेल, तर नोकरदार रुग्णास ते कधीच उघडे सापडत नाही. आमच्या शेजारच्या विक्रेत्यांनी वेळ रात्री साडेदहापर्यंत वाढविली, तेव्हापासून आमच्या रुग्णांचे औषध मध्येच सुटण्याचे प्रमाण उघड कमी झाले. दुसरे असे की, कोकणपट्टीच्या दमट हवेत चूर्णे लवकर गोळा होतात. लहान पॅकिंग ठेवावे, साठा फिरता राहील असे पाहावे आणि पावसाळ्यात तळमजल्यावरील माल किमान छातीइतक्या उंचीवर ठेवावा. २००५ साली हे आम्ही शिकलो, त्याची किंमत मोठी होती. तिसरे, स्थानिक आदिवासी स्त्रियांकडून ओली गुळवेल व जांभूळबीज योग्य ऋतूत, योग्य दरात घ्यावे. ज्या झाडाला मोल आहे असे दिसते, ते झाड तोडताना माणूस थोडा थांबतो.

समारोप

नव्याने पदवी घेतलेले वैद्य आम्हांस विचारतात, "सर, अशा उपनगरात दवाखाना काढावा का?" आमचे उत्तर होकारार्थी आहे, परंतु अट घालून. येथे रुग्ण आहेत, जागा आहे, विश्वास मिळविण्याची संधी आहे. मात्र पाठ केलेली दिनचर्या जशीच्या तशी लिहून देणाऱ्याने येथे येऊ नये. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, जल, देश व काल यांच्या विकृतीचा विचार आहे. आमच्या गावात हे चारही भाव डोळ्यांदेखत पालटत आहेत. त्यांपैकी पहिले तीन सुधारणे एकट्या वैद्याच्या हाती नाही. चौथा, म्हणजे रुग्णाच्या दिवसातील काल, मात्र आपण त्याच्यासोबत बसून थोडा तरी मांडून देऊ शकतो.

ते हिशेबनीस गृहस्थ आता निवृत्त झाले आहेत. दर सोमवारी सकाळी ते दवाखान्यात येतात, पाय दाखवितात आणि ताजा काढा आमच्यासमोरच पितात. त्यांच्या दिवसात आता त्यास जागा झाली आहे. ज्यांच्या दिवसात अद्याप नाही, त्यांच्यासाठी ती आपणच शोधावयास हवी. इत्यलम्.