झोन केवढा, आणि वाट कोण शोधतंय?

भडगावातल्या नववी-दहावीच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून ‘पोचिंकी कुठे आहे?’ विचारा, तो नीट सांगेल. पोचिंकी हे ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ म्हणजेच बीजीएमआय या मोबाइल गेममधले गाव आहे. ते ज्या बेटावर आहे ते आठ किलोमीटर लांब आणि तेवढेच रुंद. म्हणजे चौसष्ट चौरस किलोमीटर; आपले भडगाव शहर त्यात सहज मावेल. कोणत्या टेकडीवरून कोणता रस्ता दिसतो, पूल कुठे आहे, नदी कुठून ओलांडायची, हे सगळे त्या मुलाला पाठ असते. त्यालाच गिरणेच्या पलीकडे शेतातून कोणती वाट कुठे निघते, हे विचारले की तो मोबाइल काढतो.

घरचे मुलाला दवाखान्यात घेऊन येतात तेव्हा तक्रार ठरलेली असते : ‘रोज चार-पाच तास खेळतो.’ तास मोजायला हवेतच. पण मुलगा त्या तासांत नेमके काय करतो, हे सहसा कोणी विचारत नाही. मेंदूच्या दृष्टीने फरक तिथेच पडतो.

बीजीएमआय हा मारामारीचा खेळ. तिथला ‘झोन’ दर काही मिनिटांनी आक्रसत जातो, त्यामुळे नुसते भटकायला वेळच नसतो. रोल-प्लेइंग गेम या प्रकाराचे तसे नाही. त्यात खेळणारा एक पात्र घेतो आणि त्या पात्राच्या पायांनी एक मोठे जग पालथे घालतो. जंगल, वाळवंट, शहर असे या जगाचे भाग असतात. त्यांनाही झोनच म्हणतात. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये एका झोनमधून दुसऱ्यात जाताना गेम थांबायचा आणि पुढचा भाग उघडेपर्यंत वाट पाहावी लागायची. २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने एका खंडातल्या झोनमधल्या या भिंती काढून टाकल्या. खेळणाऱ्यांना ते आवडले, यात नवल नाही. पण त्या थांब्याचा एक फायदा होता : घड्याळाकडे लक्ष जायचे, पाणी प्यायला उठता यायचे. सलग पसरलेल्या जगात ‘आता पुरे’ म्हणायला जागाच उरत नाही.

आता मेंदूकडे वळू. दोन्ही कानांच्या आत खोलवर ‘हिप्पोकॅम्पस’ नावाचा लहानसा वळणदार भाग असतो. नव्या आठवणी साठवणे आणि जागेचा नकाशा तयार करणे ही त्याची कामे. आपण ठरावीक जागी पोहोचलो की त्यातल्या ठरावीक पेशी जाग्या होतात, हे जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये दाखवले. मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांनी पुढे शेजारच्या भागात अंतर-दिशेची जाळी विणणाऱ्या पेशी शोधल्या. तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. म्हातारपणी अल्झायमर सुरू होतो तेव्हा पहिला घाव बहुधा याच भागावर बसतो. रोजच्या बाजारातून घरी येताना आजोबा वाट चुकतात, ते यामुळेच.

गेममधल्या भटकंतीने हा भाग सुधारतो का? कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या क्लेमेन्सन आणि स्टार्क यांनी २०१५ मध्ये गेम न खेळणाऱ्या तरुणांना दोन आठवडे रोज अर्धा तास खेळायला दिले. एका गटाला सपाट पडद्यावरचा ‘अँग्री बर्ड्स’, दुसऱ्याला फिरून पाहण्यासारखे जग असलेला ‘सुपर मारिओ’. हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असलेल्या स्मरणचाचणीत मारिओचा गट सुधारला. अँग्री बर्ड्सचा सुधारला नाही.

तेव्हा झोन जितका मोठा तितका मेंदूला फायदा, असे म्हणावेसे वाटेल. प्रकरण इतके सोपे नाही. मॉन्ट्रियलमधल्या संशोधकांनी तरुणांना नव्वद तास गोळीबाराचे गेम खेळवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. खुणा लक्षात ठेवून वाट शोधणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसमधला करडा भाग वाढला. ‘दोनदा डावीकडे, एकदा उजवीकडे’ अशी वळणे घोकणाऱ्यांचा घटला. अभ्यास लहान होता, त्यावरून सरसकट निष्कर्ष काढू नये. तरी गेम तोच असून परिणाम उलटे झाले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

लंडनमधला २०१७ चा प्रयोगही हेच सुचवतो. स्कॅनरमध्ये झोपलेल्या लोकांना पडद्यावर शहरातून वाट काढायला लावली. स्वतः वाट शोधताना नव्या रस्त्याला लागले की हिप्पोकॅम्पसची हालचाल वाढे. नेव्हिगेशनच्या सूचनांप्रमाणे जाताना ती वाढत नसे. आजच्या बहुतेक मोठ्या गेममध्ये कोपऱ्यात छोटा नकाशा असतो आणि पुढच्या कामाकडे नेणारी खूण समोर चमकत असते. जग कितीही अवाढव्य असो, त्या खुणेमागे धावणाऱ्याचा मेंदू नकाशा काढायची तसदी घेत नाही. गुगल मॅप लावून पाचोऱ्याला जाणाऱ्याचेही तेच होते, म्हणून एकट्या पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही.

मुलांचा खरा झोन मात्र आक्रसला आहे. इंग्लंडमध्ये २००७ साली डॉ. विल्यम बर्ड यांनी शेफिल्डच्या एका कुटुंबाचा दाखला दिला होता. पणजोबा आठ वर्षांचे असताना सहा मैल चालत एकटे मासे पकडायला जात. त्याच वयाच्या पणतवाला तीनशे यार्डांपर्यंत, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंतच, परवानगी होती. भडगाव तालुक्यात कोणी असे मोजले नसेल, पण आजोबांना विचारून पाहा. कापसाच्या शेतातून, केळीच्या बागेतून, गिरणेच्या पात्रातून ते किती लांब जात आणि नातू किती जातो? गिरणेच्या पुराची आणि रस्त्यावरच्या ट्रकची भीती खरी आहे. तिच्यापायी मुले घरात बसतात आणि भटकण्याची हौस पडद्यावर भागवतात.

या बाबतीत गावच्या मुलांकडे एक जमेची बाजू आहे. ‘सी हिरो क्वेस्ट’ हा वाट शोधण्याचा मोबाइल गेम खास संशोधनासाठी बनवला होता. ३८ देशांतल्या जवळपास चार लाख लोकांच्या खेळाचा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. शहराबाहेर वाढलेले लोक वाट शोधण्यात सरासरीने सरस ठरले. शिकागोसारख्या काटकोनी आखलेल्या शहरात वाढलेले मागे पडले. वाकड्यातिकड्या बोळांत आणि बांधाबांधाने वाढण्याचा हा लाभ आहे. मात्र त्यासाठी त्या बोळांत फिरावे लागते.

घरच्यांनी मुलाशेजारी बसून अर्धा तास खेळ पाहावा. तो डोंगरापलीकडे काय आहे ते शोधतो, की बक्षिसाची पेटी उघडण्यासाठी तेच ते काम शंभरदा करतो? नशिबाने मिळणाऱ्या वस्तूंसाठी पैसे मागणारे गेम असतील तर अधिक सावध राहावे. छोटा नकाशा बंद करता येत असेल तर करून पाहावा. झोन बदलला की उठायचे, असा नियम लावावा. ‘नऊला बंद’ या नियमावरून भांडण होते, कारण नऊ वाजता पोरगा लढाईच्या मध्यात असतो. रविवारी सकाळी मोबाइल घरी ठेवून त्याला नदीपर्यंत वाट दाखवायला सांगावे, परतताना दुसऱ्या वाटेने. उजेडात घालवलेला वेळ मुलांच्या डोळ्यांचा चष्मा लांबवतो, हेही आता चांगले सिद्ध झाले आहे.

‘गेमिंग डिसऑर्डर’ हा आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, ही त्याची तीन लक्षणे. ती साधारण वर्षभर टिकलेली असावी लागतात. सुट्टीत चार दिवस जास्त खेळला म्हणून मुलगा आजारी ठरत नाही. पण शाळा सुटली, झोप उडाली, मोबाइल काढून घेतला की हात उगारतो, असे असेल तर वर्षाची वाट पाहू नये. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.