संख्यात्मक व गुणात्मक संशोधनपद्धती

संख्यात्मक पद्धतीने घटनेची व्याप्ती कळते. तिचे कारण मात्र बहुधा गुणात्मक पद्धतीनेच उलगडते. विल्यम लबॉव यांचे अमेरिकेतील मार्थाज् व्हिनयार्ड बेटावरील संशोधन (१९६३) या दृष्टीने उद्बोधक आहे. ६९ बेटवासीयांच्या बोलण्यातील ‘राइट’, ‘हाउस’ यांसारख्या शब्दांतील संयुक्त स्वरांची गणना करता, त्यांचा बदललेला उच्चार ३१ ते ४५ या वयोगटात सर्वाधिक आढळला. असे का, हे आकड्यांवरून कळेना. बेटाविषयी आत्मीयता बाळगणारे लोकच तो उच्चार अधिक करतात, हे मुलाखतींवरून ध्यानी आले. तथापि आत्मीयता कोणास आहे, हे ठरविणे संशोधकाच्या निर्णयावर अवलंबून असते. म्हणून त्या अनुमानाचीही पुन्हा गणनेने पडताळणी करावी लागली. यास्तव अभ्यासकाने प्रश्न आधी निश्चित करावा, पद्धती नंतर.