चिमुकल्या सैनिकांचा कायापालट

टेबलावर लढाई मांडून खेळण्याची हौस युरोपांत जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यांत १८२४ सालापासून नकाशावर लढाया खेळवून अधिकाऱ्यांना डावपेंच शिकविण्याची पद्धति रुळली. १८९३ सालीं लंडनमधील विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानें शिशाचे पोकळ सैनिक ओतण्यास आरंभ केला. पुढें १९१३ सालीं एच्. जी. वेल्स या विख्यात कादंबरीकारानें 'लिटल वॉर्स' या छोट्या पुस्तकांत अशा सैनिकांशीं खेळावयाच्या लढाईचे रीतसर नियम छापले. दिवाळींतल्या किल्ल्यावर मावळे मांडतांना मुलांना जो आनंद होतो, त्याचाच हा प्रौढ आणि नियमबद्ध अवतार होय. परंतु या खेळाच्या पोटीं एक हस्तकलाहि जन्माला आली, आणि कित्येकांना ती आज खेळाहूनहि अधिक प्रिय आहे. बाजारांत तयार मिळणारी प्लॅस्टिकची मूर्ति कापावयाची, लुकणानें, म्हणजे पुट्टीनें, तिच्यावर नवे अवयव व नवीं वस्त्रें घडवावयाचीं, आणि अखेर तिला नवा रंग द्यावयाचा, असें या कलेचें स्वरूप आहे.

या कलेचा उगम टंचाईंत आहे. १९५९ पासून एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीनें बोटाच्या पेराएवढे, मऊ प्लॅस्टिकचे सैनिक डबे भरून स्वस्तांत विकण्यास सुरुवात केली. शिशाच्या पलटणी ज्यांना परवडत नव्हत्या, त्यांना एकाएकीं मोठें सैन्य उभारतां येऊं लागलें. पण ज्या काळाची व ज्या देशाची पलटण हवी, ती डब्यांत मिळेलच असें नव्हतें. मग एका शिपायाचें डोकें दुसऱ्याच्या धडावर आणि तिसऱ्याची बंदूक चौथ्याच्या हातांत, अशी अदलाबदल सुरू झाली. १९७४ मध्यें अमेरिकेंत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला, तेव्हां तर अडचण आणखीच वाढली. त्याचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांना अद्भुत प्राणी हवे होते, आणि तसे कोणी विकत नव्हतें. त्यांनीं स्वस्त खेळण्यांच्या पिशवींतले चित्रविचित्र प्लॅस्टिकचे प्राणी घेऊन त्यांनाच पटावर उभें केलें. त्या खेळांतलीं 'रस्ट मॉन्स्टर' आणि 'आउलबेअर' हीं प्रसिद्ध पात्रें अशा खेळण्यांच्या आकारांवरूनच कल्पिलीं गेलीं. एरवीं कल्पनेवरून मूर्ति घडते. येथें मूर्तीवरून कल्पना घडली. पुढें इंग्लंडमध्यें १९८३ सालीं 'वॉरहॅमर' आणि १९८७ सालीं 'वॉरहॅमर ४०,०००' हे खेळ आले, आणि त्यांच्याबरोबर कडक प्लॅस्टिकच्या, सुट्या भागांत मिळणाऱ्या मूर्तींचा प्रसार जगभर झाला.

या कलेचें मर्म समजण्यासाठीं प्रथम साचा समजला पाहिजे. आजची मूर्ति साधारणतः २८ मिलिमीटर उंचीची असते. पोलादी साच्यांत वितळलेलें पॉलिस्टायरीन दाबानें भरतात. तें निवलें म्हणजे एका चौकटीला चिकटलेलीं शिरें, धडें, हात आणि शस्त्रें बाहेर पडतात. साच्याचे दोन्ही अर्धे सरळ रेषेंत उघडावे लागतात, म्हणून ज्या खोल खांचेंत साचा अडकेल ती खांच घेतां येत नाहीं. बगलेखालची पोकळी, झग्याची आंतली बाजू किंवा कुशीवरचें नक्षीकाम अशा जागा यामुळें बुजलेल्या वा सपाट राहतात. शिवाय पोलादी साचा फार महाग. हजारों प्रती काढल्यावांचून त्याचा खर्च निघत नाहीं. यंत्राच्या या दोन मर्यादा आहेत, एक आकाराची आणि दुसरी एकसारखेपणाची. त्या दोन्ही हातानें ओलांडणें हेंच या कलेचें प्रयोजन होय.

आरंभीं प्लॅस्टिकची जात ओळखावी लागते. कडक पॉलिस्टायरीनला लावावयाचा पातळ गोंद हा वास्तविक गोंदच नव्हे. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग क्षणभर विरघळवितो, आणि दोन्ही भाग एकमेकांत मिसळून एकजीव होतात. असा सांधा लोखंडाच्या जोडकामासारखा पक्का असतो. जुन्या मऊ सैनिकांचें पॉलिथिलीन मात्र या द्रावकांना दाद देत नाहीं, आणि त्यावर रंगहि नीट धरत नाहीं; वांकविलें कीं पोपडे सुटतात. धातु किंवा रेझिन यांच्यासाठीं सायनोअॅक्रिलेट लागतें. फेविक्विक या नांवानें तें भारतांतल्या प्रत्येक किराणा दुकानांत लोंबकळत असतें. तें चटकन् धरतें, परंतु त्याचा सांधा ठिसूळ असतो. म्हणून जड हात वा पंख जोडतांना दोन्ही बाजूंस हातगिरमिटानें बारीक भोंक पाडून त्यांत तारेचा तुकडा बसवितात.

मग येतो कापण्याचा प्रसंग. विकत घेतलेल्या मूर्तीवर पहिली सुरी चालवितांना नवशिक्याचा हात थबकतो, आणि तें स्वाभाविक आहे, कारण हा घाव परत घेतां येत नाहीं. अनुभवी कारागीर म्हणूनच आधीं पुष्कळ वेळ नुसता पाहतो. मनुष्यानें एक टाच उचलली कीं कंबर दुसऱ्या बाजूस कलते, खांदे उलट दिशेस झुकतात, आणि मान तोल सांवरते. उभ्या शिपायाला धांवता करावयाचा तर केवळ पाय कापून भागत नाहीं. सबंध देहाचा तोल नव्यानें मांडावा लागतो. गुडघा मागच्या बाजूनें पाचरीसारखा कापून वांकविला, कंबर कापून थोडी फिरविली, मान किंचित् पुढें नेली, एवढ्यानें तीच मूर्ति वेगळी होते. या कामांत जेथें जेथें फट पडते, तेथें लुकणाचा प्रवेश होतो.

लुकणाच्या दोन जाती ध्यानांत ठेवाव्या. पहिली नळींतून मिळणारी, द्रावकांत कालविलेली पुट्टी. तिच्यांतला द्रावक उडून गेला कीं ती सुकते. परंतु जें उडून जातें तेवढें आकारमान घटतें, म्हणून ती आकसते. केसाएवढी फट किंवा ओरखडा बुजविण्यास ती उत्तम. जाड थर दिला तर मात्र भेगा पडतात. दुसरी जात एपॉक्सीची. ती सुकत नाहीं. ती घट्ट होते, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. एपॉक्सी राळेच्या रेणूंत प्राणवायूचा एक व कार्बनचे दोन अणु मिळून झालेलें, ताणलेलें असें एक कडें असतें. घट्ट करणारा दुसरा पदार्थ मिसळला कीं हीं कडीं उघडतात, रेणू रेणूस जोडला जातो, आणि सर्व मिळून एक जाळें विणलें जातें. बाहेर कांहींच उडून जात नाहीं, म्हणून ती फारशी आकसत नाहीं. ही क्रिया उष्णतेनें वेग घेते व थंडीनें मंदावते. दिव्याखालीं ठेवलेलें काम लवकर घट्ट होतें, आणि मळलेलें लुकण शीतपेटींत ठेवल्यास कांहीं तास टिकतें.

या कलेंत सर्वांत प्रसिद्ध लुकण म्हणजे 'ग्रीन स्टफ'. एक पट्टी पिवळी व एक निळी. दोन्ही मळून रेषा उरणार नाहीं असा एकजीव हिरवा रंग आला म्हणजे तें तयार झालें. पट्ट्या शेजारीं शेजारीं चिकटवून विकल्या असतील, तर त्या जेथें एकमेकींस भिडतात तेथील पट्टा आधींच घट्ट झालेला असतो. तो कापून टाकावा, नाहींतर गुळगुळीत गालावर मागाहून खडे निघतात. पिवळा भाग अधिक घेतल्यास लुकण मऊ व चिवट होतें, निळा अधिक घेतल्यास कडक. वेल्समध्यें तयार होणारें 'मिलिपुट' पाण्यानें गुळगुळीत करतां येतें, आणि घट्ट झाल्यावर तें कानशीनें व काचकागदानें घासतां येतें. तलवारीच्या धारेसाठीं वा चिलखताच्या कंगोऱ्यासाठीं तें बरें. भारतांत गळका नळ बुजविण्यास जें एम-सील आणतात, तेंहि याच कुळांतलें आहे. मूर्तीच्या पायथ्याचे खडक किंवा मोठ्या प्राण्याचें ढोबळ अंग करण्यास तें पुरतें.

लुकणाशीं काम करणें म्हणजे घड्याळाशीं काम करणें. 'ग्रीन स्टफ' मळल्यानंतर पहिलीं कांहीं मिनिटें हट्टी मुलासारखें असतें. हत्याराला चिकटतें, दाबलें तेथें राहत नाहीं. फटी भरण्यास व ढोबळ आकार देण्यास हीच वेळ योग्य. अर्ध्यापाऊण तासानें तें आज्ञाधारक होतें. मग झग्याच्या चुण्या, बोटांच्या रेषा, केसांच्या बटा काढाव्या. दीडेक तासानंतर तें मागें रेटतें, आणि पूर्ण कडक होण्यास दिवसभर लागतो. हत्यार सदैव पाण्यानें किंवा किंचित् व्हॅसलिननें ओलें ठेवावें लागतें. एका बैठकींत सगळेंच करूं पाहणाऱ्याचा अंगठा आधीं केलेल्या चेहऱ्यावर पडतो, हें ठरलेलेंच. म्हणून आज तारेवर स्नायु, उद्यां त्यावर वस्त्र, परवां वस्त्रावर पट्टे व बकलें, असा क्रम ठेवतात. चुणी कोठें पडते यालाहि नियम आहे. कापड जेथें ताणलें वा टांगलें जातें, त्या खांद्यापासून, कमरबंदापासून किंवा वांकलेल्या कोपरापासून चुण्या फुटतात. मनाला येईल तेथें कोरलेली चुणी कापडाची न वाटतां खरवडलेल्या भिंतीसारखी दिसते.

ही विद्या हाताची कीं डोळ्याची, असा प्रश्न पडल्यास मायकेल पेरी यांचें उदाहरण उद्बोधक आहे. पूर्वीं कारखान्याची मूळ प्रतहि अशाच लुकणांत घडत असे, आणि पेरी हे त्या इंग्लिश शिल्पकारांतले एक नामांकित. १९९६ सालीं फ्रान्समध्यें जुन्या लढाईचा देखावा चालू असतां तोफेच्या अपघातांत त्यांचा उजवा हात गेला. ते डाव्या हातानें घडविण्यास नव्यानें शिकले, आणि पुढेंहि मूर्ती करीत राहिले. देहाचा तोल आणि कापडाची चुणी यांचें ज्ञान बोटांबरोबर गेलें नव्हतें.

एक धोका येथें सांगणें अवश्य आहे. घट्ट न झालेली एपॉक्सी वारंवार त्वचेस लागल्यास कित्येकांना तिचें वावडें उत्पन्न होतें, आणि एकदां तें जडलें कीं सहसा जात नाहीं. मग थोडासा स्पर्शहि खाज व पुरळ उठवितो. पातळ हातमोजे घालणें व काम संपतांच साबणानें हात धुणें याला पर्याय नाहीं. घट्ट झालेलें लुकण घासावयाचें तें ओलें करूनच घासावें आणि नाकावर फडकें नव्हे तर चांगला मुखवटा असावा.

आतां रंग. मूर्तीवर आधींचा रंग असेल तर तो काढावा लागतो, कारण थरावर थर चढून नाकडोळे बुजतात. यासाठीं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. ब्रिटनमधील हौशी लोकांत तर जखमेवरचें डेटॉलच या कामीं प्रसिद्ध आहे. अॅसिटोन मात्र पॉलिस्टायरीनला लावूं नये. रंगाबरोबर शिपाईहि विरघळतो. त्यानंतर मूर्ति साबणानें धुऊन प्रायमरचा पातळ हात देतात. तोंवर ती राखी प्लॅस्टिक, हिरवें लुकण आणि पितळी तार यांची गोधडी असते, आणि या रंगीबेरंगीपणांत दोष दडून राहतात. प्रायमर सर्वांस एक वर्ण देतो, आणि न बुजलेली फट, राहिलेला बोटाचा ठसा, साच्याच्या सांध्याची रेघ हें सारें एकदम दिसूं लागतें. खरी परीक्षा हीच. येथें पुन्हां लुकणाकडे वळण्याची ज्याची तयारी असते, त्याचेंच काम पुढें शोभतें.

पेराएवढ्या देहावर खरा प्रकाश पुरेशी सावली पाडीत नाहीं, म्हणून ती रंगवावी लागते. मूळ रंगावर पाण्यासारखा पातळ, काळपट रंग सोडला कीं तो आपोआप खांचांत उतरून सावली होतो. जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरविला कीं फक्त कंगोरे उजळतात. डोळा सर्वांत अवघड. तेथें टोंकाचा एक ठिपका मुद्रा ठरवितो, आणि तो जरा सरकला तर शूर सेनापति तिरळा होतो.

मात्र या स्वातंत्र्याला एक सीमा आहे. ही मूर्ति देव्हाऱ्यांतली नव्हे, ती खेळांतली सोंगटीहि आहे. समोरच्या खेळाडूला हातभर अंतरावरून तिच्या हातांतलें शस्त्र व तिचा दर्जा ओळखतां आला पाहिजे, आणि तिच्या बैठकीचा आकार नियमाप्रमाणेंच राहिला पाहिजे. नाहींतर सौंदर्य हीच फसवणूक ठरते. दुसरी सीमा कायद्याची. स्वतःच्या मूर्तींत बदल करणें निराळें, आणि दुसऱ्याच्या मूर्तींना जोडावयाचे भाग विकणें निराळें. २०१० सालीं गेम्स वर्कशॉप या कंपनीनें असे भाग विकणाऱ्या चॅप्टरहाउस स्टुडिओज या छोट्या व्यवसायावर शिकागोच्या न्यायालयांत फिर्याद केली; २०१३ मधील ज्यूरीचा निर्णय कांहीं मुद्यांवर एका पक्षास, तर कांहींवर दुसऱ्यास अनुकूल ठरला. कारखान्याची कल्पना कोठें संपते आणि कारागिराची कोठें सुरू होते, ही रेषा न्यायासनापुढेंहि सरळ नव्हती.

आज कारखान्यांतले शिल्पी बहुतेक संगणकावरच मूर्ती घडवितात, आणि घरगुती छपाईयंत्रें पातळ रेझिनांतून हवी ती मूर्ति थराथरानें उभी करतात. जी टंचाई या कलेची आई होती, ती आतां राहिलेली नाहीं. तरीहि लुकणाच्या पट्ट्या खपतात आणि रात्रीं दिव्याखालीं सुऱ्या चालतात. विकत मिळतें तें यंत्राच्या हिशेबानें परिपूर्ण असतें, पण तसेच हजारों कोणाकोणाच्या टेबलांवर उभे असतात. ज्याची मान आपल्या हातानें वळविली, ज्याच्या झग्याची चुणी तीनदां पुसून चौथ्यांदां साधली, तो सैनिक मात्र साऱ्या जगांत एकच असतो. लढाईंत तो पहिल्याच फेरींत पडला तरी खेळाडू त्याला इतरांबरोबर डब्यांत टाकीत नाहीं. कापसांत गुंडाळून वेगळा ठेवतो.