जनुकावर मालकी कोणाची?

माणसाच्या शरीरातील जनुकावर एखाद्या कंपनीला मालकी सांगता येईल काय? ज्या दोन जनुकांमुळे हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यांचे पेशीतील कार्य आधी समजून घेतले पाहिजे.

डीएनएच्या दोन पेडांपैकी एक तुटला, तर दुसऱ्याच्या आधाराने तो दुरुस्त करता येतो. दोन्ही पेड एकाच ठिकाणी तुटले, तर मात्र पेशीपुढे संकट उभे राहते. तुटकी टोके तशीच सांधली, तर काम लवकर होते. पण काही मजकूर गळण्याचे भय असते. म्हणून विभाजनापूर्वी डीएनएची जी दुसरी प्रत तयार झालेली असते, तिच्यावरून पेशी तुटलेला मजकूर बरहुकूम उतरवून घेते. या क्रियेस समजात पुनःसंयोजन म्हणतात. तुटक्या टोकाचा एक पेड मोकळा होतो, त्यावर ‘आरएडी ५१’ हे प्रथिन बसते आणि दुसऱ्या प्रतीतील जुळणारा भाग शोधला जातो. हे प्रथिन जागेवर बसवण्याचे काम ‘बीआरसीए २’ या जनुकाचे प्रथिन करते. ‘बीआरसीए १’चाही या दुरुस्तीत मोठा वाटा आहे. यांपैकी एकात वारशाने दोष आला, तर स्त्रियांना स्तनाचा व बीजांडकोशाचा कर्करोग होण्याचा धोका फार वाढतो.

‘बीआरसीए १’चे स्थान सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवले. त्या वेळी त्या बर्कले येथील सार्वजनिक विद्यापीठात होत्या. १९९४ साली ते जनुक हाती आल्यावर ‘मिरियड जेनेटिक्स’ या कंपनीने पेटंटे मिळवली. साहजिकच अमेरिकेत या तपासणीची मक्तेदारी तिच्याकडे गेली आणि शुल्क तीन हजार डॉलरांवर पोहोचले.

१३ जून २०१३ रोजी न्यायालयाने एकमताने निर्णय दिला: निसर्गातील डीएनए केवळ वेगळा काढला, म्हणून त्यावर पेटंट मिळत नाही, प्रयोगशाळेत घडवलेल्या प्रतिरूपावर मात्र मिळू शकते. लगोलग इतर प्रयोगशाळांनी कमी दरात तपासणी सुरू केल्याचे जाहीर केले.

पेटंट नसेल तर संशोधनात भांडवल कोण गुंतवील, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हे. दुरुस्तीतील याच उणिवेचा उपयोग करून कर्कपेशी मारणारे ‘ओलापारिब’ हे औषध २०१४ साली अमेरिकेत मान्य झाले. ते मानवनिर्मित आहे आणि त्याच्या निर्मात्यास मोबदला मिळणे न्याय्य आहे. परंतु सापडलेली वस्तू आणि घडवलेली वस्तू यांतील भेद पुसला गेला, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. आईकडून किंवा वडिलांकडून आपल्याला काय मिळाले, हे जाणून घेण्यासाठी कोणाही स्त्रीला एकाच दुकानाची पायरी चढावी लागू नये.