परसबागेतील भाजीची साठवण : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

परसबागेतील भाजी हंगामात एकदम भरभरून येते आणि पुढे कित्येक महिने दिसत नाही, या अडचणीवर महाराष्ट्रातील घरांनी वाळवण, लोणची, आमसुले, ताकात भिजवून सुकवलेल्या मिरच्या असे उपाय पिढ्यानपिढ्या वापरले आहेत. हे उपाय बहुतांशी उत्तम आहेत; मात्र त्यांमुळे पदार्थ का टिकतो याविषयीच्या समजुती अनेकदा चुकीच्या असतात, आणि कारण चुकीचे समजले की त्या उपायाची मर्यादाही लक्षात येत नाही.

टिकवण्याचा विचार भाजी तोडल्यानंतर सुरू होतो, हाच पहिला गैरसमज. मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढणीला येते, त्यामुळे सगळे बी एकाच दिवशी पेरण्याऐवजी दर पंधरवड्याला एकेक वाफा पेरल्यास साठवणुकीचा प्रश्नच निम्म्याने सुटतो. भेंडीची कोवळी फळे एका दिवसाआड तोडावी लागतात, कारण फळे जून होऊ दिल्यास झाडाची शक्ती बियांकडे वळते आणि नवी फळधारणा मंदावते. तोडलेली भाजीही श्वसन करतच असते, म्हणजे आपल्यातील साखर जाळून उष्णता व पाणी बाहेर टाकत असते. हा वेग तापमानाबरोबर वाढत असल्याने सकाळच्या गारव्यात तोडून लगेच सावलीत आणलेली भाजी दुपारी तोडलेल्या भाजीपेक्षा जास्त टिकते.

कोणताही कांदा टांगून ठेवला की टिकतो, ही समजूतही अशीच अपुरी आहे. खरिपाच्या कांद्याची मान बहुधा जाड व ओलसर राहते आणि त्याला कोंब लवकर फुटतात, तर एप्रिल-मे महिन्यांत निघणारा रब्बीचा कांदा मान पूर्ण सुकवून हवेशीर जागी ठेवल्यास चार ते सहा महिने राहतो. वाणाचाही यात मोठा वाटा असतो; राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने विकसित केलेला ‘भीमा किरण’ हा रब्बी वाण साठवणुकीसाठीच ओळखला जातो. बियांबाबत तर चूक फार सरसकट होते. संकरित वाणाच्या फळातून धरलेले बी उगवते, परंतु पुढच्या पिढीत गुण विखुरले जातात आणि मूळ झाडासारखे पीक मिळत नाही. गावरान वालाचे किंवा दोडक्याचे बी मात्र शेजारच्या वेगळ्या वाणाशी संकर होऊ दिला नाही तर वर्षानुवर्षे धरता येते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे जतन याच तत्त्वावर केले, आणि त्या कामासाठी 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

वाळवणाविषयीचा सर्वांत रूढ समज असा की, एकदा उन्हात कडक वाळलेला पदार्थ कायमचा टिकतो. याचा उलगडा ‘जलक्रियता’ या संकल्पनेने होतो. जलक्रियता म्हणजे पदार्थातील पाण्यापैकी सूक्ष्मजीवांना प्रत्यक्ष वापरता येईल अशा पाण्याचे मान. शुद्ध पाण्यासाठी ते 1 धरतात. ते साधारण 0.85 च्या खाली गेले की रोगकारक जीवाणूंची वाढ थांबते, बुरशी त्याहूनही कोरड्या पदार्थावर तग धरते, आणि 0.6 च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. परंतु उघडा पदार्थ भोवतालच्या हवेशी समतोल साधतो, म्हणजे हवेची आर्द्रता 80 टक्के असेल तर त्याची जलक्रियता हळूहळू 0.8 कडे सरकते. म्हणूनच मे महिन्यात खुटकन मोडणारी गवार कोकणातल्या आषाढात उघड्या टोपलीत राहिली तर तिला बुरशी धरते. हवाबंद डबा येथे वाळवणाइतकाच महत्त्वाचा आहे. बुरशी झटकून आणि तळून पदार्थ निर्धोक होतो, हे मानणेही चूक आहे, कारण मिरची वा शेंगदाण्यावरील काही बुरशी निर्माण करतात ते अफ्लाटॉक्सिन हे विष नेहमीच्या शिजवण्यातळण्याने नष्ट होत नाही.

वाळवलेल्या भाजीत काही सत्त्व उरत नाही, असे म्हणणेही अतिरेकाचे आहे. क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात घटते हे खरे; तंतू, प्रथिने आणि खनिजे मात्र बहुतांशी टिकतात. बीटा-कॅरोटीन प्रकाशाने नासते, त्यामुळे मेथी, शेवग्याचा पाला अशा पालेभाज्या सावलीत किंवा फडक्याखाली सुकवणे अधिक योग्य. गोठवण्यालाही अशीच मर्यादा आहे: उणे 18 अंश सेल्सिअसला जीवाणू वाढत नाहीत, पण सगळे मरतही नाहीत, आणि भाजीतील विकरे, म्हणजे रासायनिक बदल घडवणारी प्रथिने, मंद गतीने रंग व चव बिघडवत राहतात. घेवडा, मटार यांसारख्या भाज्या दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवून लगेच थंड पाण्यात काढाव्या लागतात, त्या याच कारणाने.

सर्वांत धोकादायक गैरसमज तेलाविषयी व बाटलीबंद भाजीविषयी आहे. लोणचे तेलाने टिकते असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात ते टिकवतात मीठ आणि आम्ल, तर तेल केवळ हवा अडवून पृष्ठभागावर बुरशी येऊ देत नाही. हवा अडवणे हे मात्र प्रत्येक वेळी हिताचे नसते. मातीत सर्वत्र आढळणाऱ्या ‘क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम’ या जीवाणूचे बीजाणू हवेविना असलेल्या जागीच अंकुरतात आणि मज्जासंस्था लुळी पाडणारे अत्यंत तीव्र विष तयार करतात. आम्लता मोजणारा सामू, म्हणजेच पीएच, 4.6 पेक्षा कमी असेल तर त्यांची वाढ होत नाही, म्हणून कैरी, लिंबू, कोकम ही फळे मुळातच सुरक्षित ठरतात. घेवडा, भेंडी, गाजर, लसूण यांचा सामू मात्र याहून बराच वर असतो. टोमॅटो सीमेवर असल्याने त्याच्या रसात लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल घालूनच तो बाटलीबंद करावा लागतो. हे बीजाणू 100 अंशांच्या उकळीतही तगतात आणि त्यांच्या नाशासाठी दाबाखाली सुमारे 121 अंश तापमान लागते. घरातल्या शिट्टीच्या कुकरमध्ये ते गाठले तरी बाटलीच्या मध्यापर्यंत किती वेळाने पोहोचते याची खात्री देता येत नाही, त्यामुळे आंबट नसलेल्या भाज्या घरी बाटलीबंद करूच नयेत. मीठ व लिंबू न घालता नुसत्या तेलात बुडवलेली कच्ची लसूण फ्रिजमध्येच ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. या विषाला वास किंवा चव असेलच असे नाही; म्हणून झाकण फुगलेली किंवा उघडताना फसफसणारी बाटली चाखून न पाहता टाकून द्यावी.