चार कोटी ठिपके कशासाठी?

समजा, एखाद्या शाळेच्या इतिहास मंडळाने गावातल्या घराघरांत पडून असलेल्या मोडी कागदांची छायाचित्रे घ्यायचे ठरवले आहे. कागदांना कसर लागली आहे, घड्यांवर ते तुटू लागले आहेत. काही कागद आणखी एकदा उलगडता येतील याचीही खात्री नाही. वर्गणीतून थोडे पैसे जमले आहेत. त्यात नवा, उंची कॅमेरा बसत नाही. पण दहा वर्षांपूर्वी नावाजलेला, भरपूर मेगापिक्सेलचा एक वापरलेला कॅमेरा बसतो. तो घ्यावा का?

अशा प्रश्नाला 'मॉडेल फार जुने झाले' किंवा 'मेगापिक्सेल भरपूर आहेत, घेऊन टाका' अशी झटपट उत्तरे मिळतात. ती दोन्ही अपुरी आहेत. आपल्याला काय टिपायचे आहे, येथून सुरुवात केली तर उत्तर बरेचसे आकडेमोडीने काढता येते, आणि ती आकडेमोड नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना सहज जमेल इतकी सोपी आहे.

उदाहरणासाठी आपण एक खराखुरा कॅमेरा घेऊ : २०१५ साली आलेला सोनी ए७आर-२. त्याच्या संवेदकाचा आकार सुमारे ३६ × २४ मिमी, म्हणजे जुन्या फिल्मच्या एका चौकटीएवढा. त्यावर आडवे ७९५२ आणि उभे ५३०४ ठिपके (पिक्सेल) आहेत. गुणाकार केला की सुमारे ४ कोटी २२ लाख ठिपके होतात.

आरसा गेला, मग काय झाले?

पूर्वीच्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश एका तिरक्या आरशावर पडून वरच्या लोलकाकडे जाई आणि तेथून डोळ्याला दिसे. बटण दाबले की आरसा उचलला जाई आणि प्रकाश फिल्मवर किंवा संवेदकावर पडे. आरसाविरहित कॅमेऱ्यात हा आरसा नसतो. संवेदकावर पडलेली प्रतिमाच छोट्या पडद्यावर दाखवली जाते. ती मोठी करून नाभीयन अचूक करता येते. बारीक अक्षर टिपताना हा फायदा मोठा आहे.

दुसरा फायदा भूमितीचा आहे. आरशाला हलायला जागा लागे, म्हणून भिंगाची बैठक संवेदकापासून दूर ठेवावी लागे. निकॉनच्या जुन्या एफ पद्धतीत हे अंतर ४६.५ मिमी आहे. सोनीच्या ई पद्धतीत ते फक्त १८ मिमी आहे. फरक २८.५ मिमीचा. तेवढ्या लांबीची पोकळ नळी मध्ये बसवली की जुने निकॉन भिंग या कॅमेऱ्यावर नीट चालते. नाभीयन हाताने करावे लागते, एवढेच. कागदाच्या छायाचित्रात घाई नसल्यामुळे ते अडचणीचे नाही. एखाद्या पालकाच्या कपाटात असे भिंग पडून असेल, तर तो खर्च वाचतो.

ठिपके किती लागतात?

आपला मोठ्यात मोठा कागद ए-३ आकाराचा, म्हणजे ४२० × २९७ मिमी आहे असे धरू. वनस्पतींचे वाळवलेले नमुने चिकटवण्याचे पत्रेही साधारण याच आकाराचे असतात. या कागदाची लहान बाजू संवेदकाच्या लहान बाजूत बसवायची आहे. ५३०४ ला २९७ ने भागले की कागदाच्या प्रत्येक मिलिमीटरला सुमारे १७.९ ठिपके मिळतात.

आता तुलना करू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लहान बाजूला ४००० ठिपके असतात. म्हणजे मिलिमीटरला १३.५. १२ मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्यात ३००० ठिपके, म्हणजे १०.१. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावी. १२ वरून ४२ वर जाताना ठिपके साडेतीनपट झाले, पण मिलिमीटरमागचे ठिपके पावणेदोनपटीच्या आसपासच वाढले. ठिपक्यांची संख्या क्षेत्रफळाबरोबर वाढते आणि बारकावा लांबीबरोबर, म्हणून वर्गमूळ घ्यावे लागते. २०१९ साली याच मालिकेत ६१ मेगापिक्सेलचा कॅमेरा आला. तो ४२ च्या दीडपट वाटतो, पण बारकाव्यात फक्त १.२ पट भरतो. जुन्या कॅमेऱ्याच्या बाजूने हा पहिला मुद्दा.

बोरूने काढलेल्या अक्षरातील सर्वांत बारीक रेघ ०.२ मिमी जाडीची आहे असे समजू. १२ मेगापिक्सेलमध्ये तिच्या वाट्याला जेमतेम २ ठिपके येतात, २४ मध्ये २.७ आणि ४२ मध्ये ३.६. दोन ठिपक्यांत रेघ आहे एवढे कळते. पण ती शाईची बारीक फराटी आहे की कसरीने कुरतडलेल्या कडेची सावली, हे ठरवायला तीन-चार ठिपके हवेत. शिवाय प्रत्येक ठिपका एकच रंग पाहतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेल्या रचनेत निम्मे ठिपके हिरवे, पाव तांबडे आणि पाव निळे असतात; उरलेले रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. म्हणून प्रत्यक्षातला बारकावा कागदावरच्या हिशोबापेक्षा थोडा कमीच असतो.

एक छायाचित्र की चार?

पण हाच बारकावा साध्या कॅमेऱ्यानेही मिळवता येतो. कागदाचे चार भाग कल्पून प्रत्येक भागाचे वेगळे छायाचित्र घ्यायचे. मग १२ मेगापिक्सेलचा कॅमेराही मिलिमीटरला १९ ठिपके देतो. जोडासाठी कडा एकमेकींवर थोड्या चढवाव्या लागतात, तरी उत्तर ४२ मेगापिक्सेलच्या जवळ राहते.

मग जास्तीचे ठिपके विकत घेऊन आपण नक्की काय विकत घेतो? मुख्यतः वेळ. चार छायाचित्रे घेऊन ती जोडायला एका कागदामागे, समजा, चार मिनिटे जास्त लागतात. कागद ५० असतील तर २०० मिनिटे, म्हणजे साडेतीन तासांपेक्षाही कमी. एवढ्यासाठी कॅमेरा घेण्याचे कारण नाही. कागद ३००० असतील तर १२,००० मिनिटे, म्हणजे २०० तास. शाळेला इतके तास मिळत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जीर्ण कागद प्रत्येक वेळी चारदा सरकवावा लागतो, आणि ती हाताळणी त्याला सोसेलच असे नाही. तेव्हा कॅमेऱ्याची चौकशी करण्यापूर्वी घरोघर जाऊन कागद मोजावेत.

भिंगाचे आणि हाताचे म्हणणे

संवेदकावरचा एक ठिपका ३५.९ मिमी भागिले ७९५२, म्हणजे सुमारे ४.५ मायक्रॉन रुंद आहे. भिंगाने बिंदूची प्रतिमा याहून मोठी पाडली तर बारीक ठिपक्यांचा उपयोग नाही. आणि प्रकाश तरंगरूप असल्यामुळे निर्दोष भिंगसुद्धा बिंदूची प्रतिमा बिंदू पाडत नाही. विवर्तनामुळे छोटी चकती पडते. तिचा व्यास २.४४ × तरंगलांबी × एफ-अंक इतका असतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली तर एफ/४ ला चकती ५.४ मायक्रॉनची, एफ/८ ला १०.७ ची आणि एफ/१६ ला २१.५ ची होते. एफ/१६ ला एक चकती जवळजवळ पाच ठिपके व्यापते. म्हणजे पैसे दिले ४२ मेगापिक्सेलचे आणि रंध्र लहान करून त्यातला बराच भाग आपणच घालवला. कागदासाठी एफ/५.६ ते एफ/८ हा पल्ला योग्य.

कीटकांचे पंख टिपायचे असतील तर हिशोब आणखी कडक होतो. प्रतिमा वस्तूएवढीच मोठी असताना भिंग संवेदकापासून दूर जाते आणि एफ/८ चा परिणाम एफ/१६ सारखा होतो. तेथे जास्त मेगापिक्सेल फारसे कामाला येत नाहीत.

थरथरीचेही तसेच. आपल्या कागदावर एका ठिपक्याच्या वाट्याला ०.०५६ मिमी येतात. साधारण एका केसाची जाडी. पडदा उघडा असताना कॅमेरा किंवा कागद केसाच्या जाडीइतका हलला तरी एक ठिपका गेला. म्हणून भक्कम उभा स्टँड हवा, बटणाला हात न लावता काही सेकंदांनी चालणारा टायमर हवा, आणि छताचा पंखा बंद हवा. याच मालिकेतल्या २०१३ सालच्या ए७आर या ३६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात यांत्रिक पडद्याच्या हालचालीने काही वेगांना प्रतिमा किंचित थरथरे. ए७आर-२ मध्ये उघडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होऊ शकते, त्यामुळे ती अडचण टळते. जुन्या मॉडेलांतही निवड करायची असते ती अशा कारणांनी.

संवेदक म्हातारा होतो का?

दहा वर्षांत संवेदक पुष्कळ सुधारले असतील, मग जुना कशाला, ही शंका रास्त आहे. प्रकाश फोटॉनांच्या रूपाने येतो आणि तो मोजताना संख्येच्या वर्गमुळाएवढी अनिश्चितता राहतेच. १०० फोटॉन मोजले तर १० चा चढउतार, म्हणजे १० टक्के. १०,००० मोजले तर १०० चा, म्हणजे १ टक्का. हा निसर्गाचा नियम आहे. कोणत्याही कारखान्याला तो ओलांडता येत नाही. ए७आर-२ हा मोठ्या आकाराचा, मागून प्रकाश घेणारा संवेदक वापरणारा पहिला कॅमेरा होता. या रचनेत तारांचे जाळे प्रकाशग्राही थराच्या मागे असल्याने प्रकाश अडत नाही. समजा, असा संवेदक आलेल्यांपैकी निम्मे फोटॉन मोजतो. मग भविष्यातला परिपूर्ण संवेदकही त्याच्या दुप्पटच मोजू शकेल. स्थिर कागदाच्या बाबतीत ती दुप्पट आपण आणखी दिवे लावून किंवा पडदा दुप्पट वेळ उघडा ठेवून आजच मिळवू शकतो.

पुढच्या वर्षांत खरी प्रगती झाली ती हलत्या विषयांसाठी : उडता पक्षी ओळखून त्यावर नाभीयन राखणे, संवेदकावरची माहिती झपाट्याने वाचणे, बॅटरी जास्त टिकणे. ए७आर-२ ची बॅटरी एका चार्जमध्ये सुमारे ३०० छायाचित्रे देते. २०१७ सालच्या ए७आर-३ मध्ये मोठी बॅटरी आली. पक्षी आणि कबड्डीचे सामने टिपायचे असतील तर जुना कॅमेरा घेऊ नये. कागद हलत नाही, आणि कॅमेरा अडॅप्टरने विजेवर चालवता येतो.

खरोखर झिजतात त्या वस्तू वेगळ्याच : यांत्रिक पडदा, बॅटरी, झाकणे, बटणे. या कॅमेऱ्याच्या पडद्याची सुमारे ५ लाख उघडझापींपर्यंत चाचणी घेतल्याचे कंपनीने सांगितले होते. ती हमी नव्हे, पण अंदाज येतो. साठवणुकीचा खर्चही धरावा. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट म्हटले तर पूर्ण नोंदीचे एक छायाचित्र सुमारे ८४ मेगाबाइटचे. ३००० कागदांचे सुमारे २५० गिगाबाइट. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायला हव्यात.

घेण्यापूर्वी करायचे प्रयोग

विद्यार्थ्यांना सोबत न्यावे. हा भौतिकशास्त्राचा उत्तम तास होतो.

१) भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटवून कॅमेरा त्याच्या बरोबर समोर, समांतर ठेवावा. एफ/८ ला छायाचित्र घेऊन चारही कोपरे मोठे करून पाहावेत. एकच कोपरा पुसट असेल तर भिंग किंवा त्याची बैठक तिरकी असावी.

२) पांढऱ्या भिंतीचे एफ/१६ ला छायाचित्र घ्यावे. दिसणारे धूसर डाग म्हणजे संवेदकावरची धूळ. ती साफ होते. ओरखडा मात्र जात नाही.

३) भिंगावर झाकण ठेवून ३० सेकंदांचे छायाचित्र घ्यावे. काळ्या पार्श्वभूमीवर काही चमकते ठिपके दिसले तर घाबरू नये. पण त्यांची दाटी किंवा अखंड रेघ दिसली तर कॅमेरा परत करावा.

४) उजेडात, यांत्रिक पडदा वापरून, सर्वांत जास्त वेगाने पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्यावे. एक बाजू काळपट आली तर पडदा थकला आहे.

५) बॅटरी फुगलेली नाही ना, हे पाहावे, आणि मूळ पावती मागावी.

वर्गात करण्याजोगा आणखी एक प्रयोग : १ मिमी काळ्या आणि १ मिमी पांढऱ्या पट्ट्या आखून मागे मागे सरकावे. सामान्य नजरेला त्या साधारण साडेतीन मीटरवर एकजीव दिसू लागतात, कारण डोळ्याची विभेदनक्षमता सुमारे एक कला, म्हणजे एक अंशाचा साठावा भाग आहे. मग त्याच पट्ट्या कॅमेऱ्याने टिपून त्या किती अंतरावर मिसळतात ते मोजावे. विभेदनक्षमता हा शब्द पाठ करण्याऐवजी मुलांना तो मोजता येईल.

मग घ्यावा का?

कागद शेकड्यांनी किंवा हजारांनी असतील, अक्षर बारीक असेल आणि कागद पुन्हा उघडता येणार नसतील, तर वरच्या परीक्षा उतरलेला जुना कॅमेरा अवश्य घ्यावा. मात्र जमलेल्या रकमेतली निम्मी तरी चांगले भिंग, स्टँड, दोन दिवे आणि दोन साठवणपेट्या यांच्यासाठी राखून ठेवावी. ती उरत नसेल तर कमी मेगापिक्सेलचा स्वस्त कॅमेरा घेऊन स्टँड भक्कम करावा. छायाचित्रे अधिक स्पष्ट येतील. कागद पाच-पन्नासच असतील, तर हाताशी असलेल्या कॅमेऱ्याने चार-चार भागांत, दोन्ही बाजूंनी तिरका प्रकाश टाकून आणि पंखा बंद करून कामाला लागावे. कॅमेरे पुढच्या वर्षी आणखी स्वस्त होतील, पण कसर तोपर्यंत थांबत नाही.